महात्मा जोतीराव फुले आणि पावसाचे पाणी



आपल्या वर्गाची सहल माक्स आईट झे या तळ्यावर गेली होती, ते तुम्हाला आठवत असेलच. डबे खाऊन झाल्यावर आपण तळ्याच्या काठी बसलो होतो. समोर द्राक्षमळ्यांची उंच टेकडी होती. त्या टेकडीला दगडांच्या पायऱ्या का केल्या आहेत, असे एका छोट्या मुलीने विचारले. मोठी माणसे गडबडली. कोणी म्हणाले चढायला सोपे जावे म्हणून, कोणी म्हणाले शोभेसाठी. खरे उत्तर असे, की त्या पायऱ्या नाहीत, ते बांध आहेत. चुना किंवा सिमेंट न वापरता, दगडावर दगड रचून केलेल्या भिंती आहेत. पाऊस पडला की उतारावरची माती वाहून जाऊ नये आणि पाणी दगडांच्या फटींतून हळूहळू झिरपत खाली यावे, यासाठी नेकार नदीकाठच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून त्या रचल्या. तरीही थोडी माती खाली यायचीच. ती पाठीवरच्या पाट्यांत भरून पुन्हा वर नेऊन टाकण्याचे कष्टही ते करीत असत.

आपल्याकडे महाराष्ट्रात अशा दगडी बांधाला ताल म्हणतात. आपल्या डोंगरउतारांवर अशा ताली आणि बंधारे जागोजाग बांधा, म्हणजे पाणी जमिनीत मुरेल, माती टिकेल आणि शेतकरी जगेल, असे १८८३ साली पुण्याच्या एका माणसाने एका पुस्तकात सविस्तर लिहून ठेवले आहे. त्या माणसाचे नाव तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. ते म्हणजे महात्मा जोतीराव फुले.

मुलींची शाळा काढणारे फुले, एवढे आपल्या वर्गातली सगळी मुले सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण पाण्याबद्दल आणि मातीबद्दल त्यांनी काय केले व काय लिहिले, हे आम्हा मोठ्यांपैकीही बऱ्याच जणांना माहीत नव्हते. म्हणून या अंकात त्यांचे चरित्र आम्ही जरा वेगळ्या वाटेने सांगणार आहोत. पाण्याचा धागा धरून ते वाचा.

बालपण

फुले घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. त्यांचे मूळ आडनाव गोऱ्हे. हे घराणे कटगुण सोडून पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील खानवडी येथे आले. हे खानवडी गाव लक्षात ठेवा, लेखाच्या शेवटी आपण पुन्हा त्या भागात जाणार आहोत. पुढे घराणे पुण्यात आले. जोतीरावांचे वडील गोविंदराव आणि चुलते पेशव्यांच्या वाड्यात फुले, हार, गजरे पुरवीत. त्यावरून लोक त्यांना फुले म्हणू लागले आणि तेच आडनाव झाले.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. जोतिबाच्या यात्रेच्या सुमारास जन्म झाला म्हणून नाव ठेवले जोती. ते साधारण एक वर्षाचे असतानाच त्यांची आई चिमणाबाई वारली. सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातल्या बाईंनी त्यांना आईच्या मायेने वाढवले.

वडिलांनी जोतीला शाळेत घातले, पण आजूबाजूच्या लोकांनी कान भरले. माळ्याच्या पोराला शिकून काय करायचे आहे, असे त्या काळी म्हणत. गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढले आणि मळ्यात कामाला लावले. जोती खुरपे, मोट, पाट यांच्या संगतीत वाढू लागला. शेताला पाणी देताना पाट कुठे फुटतो, ओल किती दिवस टिकते, हे त्याने पुस्तकातून नव्हे तर हातापायांनी शिकून घेतले. दिवसभराचे काम झाले की मात्र तो दिव्याच्या उजेडात वाचत बसे. शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी आणि लेजिट साहेब यांनी या मुलाची हुशारी पाहिली आणि गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ साली जोती स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाला. १८४७ साली त्याचे इंग्रजी शिक्षण संपले.

मधल्या काळात, १८४० साली, त्या वेळच्या रीतीप्रमाणे लहान वयातच त्यांचे लग्न झाले होते. मुलगी होती सातारा जिल्ह्यातल्या नायगावची, नाव सावित्री.

शाळा आणि घराबाहेर

१८४८ साली जोतीराव एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत गेले असता, खालच्या जातीचा म्हणून त्यांचा अपमान करण्यात आला. असा अपमान सोसावा लागणारे आपण एकटे नाही, लाखो लोक रोज सोसतात, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. त्याच वर्षी पुण्यात बुधवार पेठेतील भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाईंना त्यांनी स्वतः शिकवले आणि त्या शिक्षिका झाल्या. रस्त्याने जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकत, तरी त्यांनी शाळा सोडली नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठीही या दोघांनी शाळा काढल्या.

याची किंमत द्यावी लागली. १८४९ साली गोविंदरावांनी, समाजाच्या धाकाने, मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. तेव्हा उस्मान शेख या मित्राने त्यांना आसरा दिला. त्यांच्या घरातील फातिमा शेख सावित्रीबाईंच्या बरोबरीने शिकवू लागल्या. १८५२ साली विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला.

हा भाग तुम्ही वर्गात शिकला आहात, म्हणून आम्ही तो भराभर सांगितला. आता पाण्याकडे वळू.

घरातला हौद

आपल्या शहरात कानश्टाटला जमिनीतून खनिज पाण्याचे झरे येतात. तिथल्या सार्वजनिक कारंज्यांवर लोक बाटल्या घेऊन येतात, भरतात आणि जातात. तुम्ही कोण, कुठले, तुमचे आडनाव काय, असे कोणी विचारत नाही. आपल्या वर्गातल्या मुलांनीही तिथे बाटल्या भरल्या आहेत आणि त्या पाण्याची चव पाहून तोंडे वाकडी केली आहेत!

जोतीरावांच्या काळच्या पुण्यात असे नव्हते. अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या माणसांना सार्वजनिक विहिरीवर किंवा हौदावर पाणी भरता येत नसे. भर उन्हात ती माणसे भांडे घेऊन लांब उभी राहत. एखाद्याला दया आली तर तो वरून पाणी ओती. दया आली नाही तर रिकाम्या भांड्याने परत जायचे. विहिरीत पाणी आहे, भांडे हातात आहे, घसा कोरडा आहे, आणि तरी पाणी नाही! मुलांनो, आम्हाला हे लिहिताना अवघड वाटते, पण हे खरे आहे आणि ते तुम्हाला माहीत असले पाहिजे.

१८६८ साली जोतीरावांनी आपल्या राहत्या घराच्या आवारातला पाण्याचा हौद या सगळ्यांसाठी खुला केला. कोणीही यावे, स्वतःच्या हाताने पाणी घ्यावे. आज वाचताना ही गोष्ट लहान वाटेल. त्या काळी मात्र जातीतल्या लोकांनी संबंध तोडावेत एवढी ती मोठी होती. जोतीराव आणि सावित्रीबाई डगमगले नाहीत. पुढे जवळजवळ साठ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हजारो लोकांसह हातात घेतले. जोतीरावांना ते आपले गुरू मानत.

पाणी कोणाचे, हा जोतीरावांचा पहिला प्रश्न होता. पाणी टिकवायचे कसे, हा दुसरा. आम्हाला वाटते, हे दोन्ही प्रश्न त्यांनी एकत्र विचारले, यातच त्यांचे मोठेपण आहे.

धरण, कालवा आणि मांजरीची शेती

पोट भरण्यासाठी जोतीराव काय करीत, हे ठाऊक आहे का? ते कंत्राटदार होते. बांधकामाचा माल पुरवणे, दगडी कामे करवून घेणे, असा त्यांचा व्यवसाय होता. पुण्याजवळ मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण झाले, त्या कामातही त्यांनी कंत्राट घेतले होते. तिथे हजारो मजूर राबत. त्यांचे हाल जोतीरावांनी जवळून पाहिले, आणि बांधकाम खात्यात पैसा कसा मुरतो तेही पाहिले.

धरणातून कालवा निघाला, तो पुण्याच्या पूर्वेकडील गावांच्या दिशेने गेला. आता शेतकऱ्यांना पाणी मिळणार होते, पण ते घ्यायला बरेच शेतकरी कचरत होते. पाणीपट्टी किती पडेल, पीक येईल की नाही, अशा शंका होत्या. जोतीरावांनी नुसते भाषण केले नाही. त्यांनी मांजरी येथे जमीन घेतली आणि कालव्याच्या पाण्यावर स्वतः बागायती शेती करून दाखवली.

स्वतः शेती केल्यामुळे त्यांना कालव्यातले दोषही कळले. पाणी वेळेवर येत नाही, कोणाला जास्त मिळते, कोणाला मिळतच नाही, आणि पट्टी मात्र सर्वांकडून वसूल होते. प्रत्येकाच्या जमिनीला जरुरीपुरते पाणी तोटीने द्यावे, म्हणजे तंटाही होणार नाही आणि नासाडीही होणार नाही, असा विचार त्यांनी मांडला.

उघडे पडलेले डोंगर

२४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीरावांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८७६ ते १८७८ या काळात, दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. गुरे मेली, माणसे मेली, गावे ओस पडली. जोतीराव, सावित्रीबाई आणि सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळातल्या मुलांसाठी आश्रम चालवला आणि त्यांच्या जेवणाची सोय केली. सावित्रीबाई गावोगाव हिंडून मदत जमवीत होत्या.

पाऊस कमी पडला हे खरे. पण पाऊस कमी पडल्यावर लगेच माणसे उपाशी का मरतात? जोतीरावांनी या प्रश्नाचा पिच्छा सोडला नाही. गावोगाव फिरून, शेतकऱ्यांशी बोलून त्यांनी जे पाहिले ते ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात लिहिले. हे पुस्तक त्यांनी १८८३ साली पूर्ण केले. त्यात सावकारांचा जाच आहे, सरकारी कचेऱ्यांतली लूट आहे, अडाणीपणाचा फायदा घेणाऱ्यांवर कोरडे आहेत. आणि त्यातच डोंगर, जंगल, माती व पाणी यांचा हिशेब आहे.

तो हिशेब साधा आहे. पूर्वी डोंगरावर झाडे आणि गवत होते. गावाची गुरे तिथे चरत. झाडांचा पाला, वाळलेले गवत, गुरांचे शेण, मेलेले किडे हे सगळे तिथे कुजत असे. पावसाळ्यात डोंगरावरून हळूहळू उतरणारे पाणी हे सत्त्व घेऊन खालच्या शेतांत येई. शेतांना फुकट खत मिळे. मग सरकारने जंगल खाते काढले. १८६५ आणि १८७८ साली जंगलाचे कायदे झाले. गावाची गायराने आणि कुरणे सरकारजमा झाली. गुरांना चारा उरला नाही, म्हणून गुरे कमी झाली. गुरे कमी झाली म्हणून शेण कमी झाले. दुसरीकडे नांगरलेल्या उताराच्या जमिनींवरून पावसाचे पाणी धो धो वाहू लागले आणि चांगली माती नदीनाल्यांत जाऊ लागली. जमीन दरसाल नापीक होत गेली. शेतकरी आळशी आहे म्हणून गरीब आहे, असे शहाणे लोक सांगत होते. जोतीरावांनी दाखवून दिले की त्याच्या पायाखालची मातीच निघून चालली आहे.

मुलांनो, आज शाळेत तुम्ही पर्यावरणाबद्दल शिकता. झाड, गवत, गुरे, माती, पाणी यांची साखळी कशी असते त्याची चित्रे तुमच्या पुस्तकांत असतात. ती साखळी जोतीरावांनी तेव्हा मराठीत लिहून दाखवली होती.

उपाय

नुसते गाऱ्हाणे सांगून ते थांबले नाहीत. पुस्तकाच्या शेवटच्या भागात त्यांनी उपाय सांगितले आहेत. त्यातले पाणी व माती यांच्याविषयीचे मुख्य उपाय आम्ही आमच्या शब्दांत देत आहोत.

१. डोंगरउतारांवर आणि शेतांच्या वर जागोजाग ताली आणि बंधारे घालावेत. पावसाचे पाणी आधी शेतांत मुरावे आणि मग ओढ्यानाल्यांना मिळावे. विहिरींचे पाणीही त्याने वाढेल.

२. डोंगरटेकड्यांमधल्या दऱ्याखोऱ्यांत जमतील तितकी लहानमोठी तळी बांधावीत, म्हणजे पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरेल.

३. नदी आणि तळ्यांमधला साचलेला गाळ पूर्वीप्रमाणे शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्यावा. यात तळेही खोल होते आणि शेतालाही खत मिळते.

४. सरकारने घेतलेली गायराने गावांना परत करावीत. गावकऱ्यांनी तिथे गुरे चारावीत, मात्र विकण्यासाठी लाकूड तोडू नये.

५. जमिनीखालचे झरे शोधणाऱ्या पाणाड्यांची मदत घ्यावी आणि कुठे पाणी आहे त्याच्या खुणा गावाच्या नकाशांवर नोंदवाव्यात. विहिरी खणणाऱ्यांना उत्तेजन द्यावे.

हे काम करायचे कोणी? जोतीरावांचे उत्तर मजेदार आणि बोचरे आहे. सरकारजवळ मोठी पलटण आणि पोलीस आहेत. लढाई नसताना त्यांना बसून पगार देण्यापेक्षा, त्यांच्या हाती कुदळ-फावडे द्या आणि बंधारे बांधून घ्या!

सरकारने ऐकले का? नाही. जोतीरावांच्या हयातीत पलटणीने कुदळ हाती घेतली नाही आणि गायरानेही परत मिळाली नाहीत.

शेवटची वर्षे

२ मार्च १८८८ रोजी पुण्यात इंग्लंडच्या राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. बडे लोक जरीचे कपडे आणि दागिने घालून आले होते. जोतीराव आले ते गरीब शेतकऱ्याच्या वेशात. डोक्याला मुंडासे आणि अंगावर फाटके घोंगडे. पाहुण्याला त्यांनी सांगितले की खरा हिंदुस्थान पाहायचा असेल तर तो या दिवाणखान्यात नाही, खेड्यात आहे.

त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईच्या सभेत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्यानंतर काही आठवड्यांतच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात निकामी झाला. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहायची सवय केली आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे पुस्तक पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. सावित्रीबाईंनी त्यांचे काम पुढे चालू ठेवले. प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

पुरंदरच्या माळावर

चरित्र इथे संपते. पण जोतीरावांनी मांडलेला विचार संपला नाही. आता आपण खानवडीच्या भागात परत जाऊ. पुरंदर तालुका सह्याद्रीच्या पूर्वेला आहे. ढग डोंगरावर पाऊस पाडून येतात, त्यामुळे इथे पाऊस थोडाच. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. पुण्यातले एक अभियंते आणि कारखानदार विलासराव साळुंखे तेव्हा या भागात आले. हजारो शेतकरी रोजगाराच्या कामावर खडी फोडत होते, हे त्यांनी पाहिले. एवढे हात आहेत, मग हे हात पाणी अडवण्यासाठी का वापरू नयेत, असा विचार त्यांच्या मनात आला.

पुरंदर तालुक्यातही एक नायगाव आहे. सावित्रीबाईंचे नायगाव वेगळे, ते सातारा जिल्ह्यात. पुरंदरच्या नायगावात विलासरावांनी देवस्थानाची चाळीस एकर उजाड, उताराची जमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि कुटुंबासह तिथे काम सुरू केले. उतारावर बांध घातले, खाली पाझर तलाव केला, तलावाच्या खालच्या अंगाला विहीर घेतली, झाडे लावली. काही वर्षांत त्या माळावर धान्य पिकू लागले. आजूबाजूचे शेतकरी पाहायला येऊ लागले. त्यातून गावकऱ्यांच्या गटांनी चालवायच्या योजना निघाल्या. त्यांना पाणी पंचायत म्हणतात.

पाणी पंचायतीचे नियम वाचताना आम्हाला जोतीरावांच्या हौदाची आठवण झाली. पाणी जमिनीच्या मानाने द्यायचे नाही, घरातल्या माणसांच्या मानाने द्यायचे. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि एका घराला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ज्याला जमीनच नाही, त्याचाही पाण्यावर हक्क. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकता येत नाही. उसासारखे भरमसाट पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा गटातल्या शेतकऱ्यांनी स्वतः उभा करायचा. नियम कडक होते, सर्वांना ते आवडले असे नाही. पण पाणी अडवणे हे अर्धेच काम आहे आणि ते न्यायाने वाटणे हे उरलेले अर्धे, हे या लोकांनी करून दाखवले. राळेगणसिद्धीच्या गावकऱ्यांनीही पाणलोटाचे काम सुरू करताना हे काम पाहून धडा घेतला. विलासराव २००२ साली वारले.

जोतीराव सरकारकडे पलटण मागत होते. पलटण आली नाही. शंभर वर्षांनी गावकरीच पलटण झाले आणि श्रमदानाने बंधारे बांधू लागले. पाणी अडवा, पाणी जिरवा ही घोषणा तुमच्या आईबाबांनी एसटीतून जाताना गावोगावच्या भिंतींवर वाचली असेल.

आणि आपले स्टुटगार्ट?

गेल्या शतकात मोठ्या नावा चालाव्यात म्हणून नेकार नदी जागोजाग सरळ आणि खोल करण्यात आली. १९५८ साली स्टुटगार्टचे बंदर सुरू झाले. व्यापार वाढला, पण काठचे पाणथळ, उथळ कोपरे आणि तिथले मासे व पक्षी कमी झाले. शहराच्या पोटातून वाहणारा नेझनबाख ओढा तर जमिनीखाली गाडला गेला आहे, त्याच्यावरून आपण रोज चालतो! आता लोकांना चूक उमगली आहे. लुडविग्सबुर्गजवळ त्सूगवीझन येथे नदीकाठी पुन्हा ओढे आणि पाणथळ कुरणे तयार केली आहेत. ती २०१२ साली खुली झाली. एखाद्या रविवारी आईबाबांबरोबर जाऊन या. रस्त्याने द्राक्षमळ्यांच्या दगडी भिंती दिसतील. त्यांच्या फटींतून उन्हाला आलेले सरडे दिसतील. तेव्हा मराठीत म्हणा, या ताली आहेत.

पालकांना एक विनंती. सुटीत भारतात गेलात की मुलांना आजोळच्या गावाची विहीर, ओढा, गायरान दाखवा. ओढा आटला असेल तर का आटला, विहीर कोणासाठी बंद होती आणि कधी खुली झाली, हे आजीआजोबांना विचारायला सांगा. सगळी उत्तरे ऐकायला सोपी असतीलच असे नाही. तरी मुलांनी ती ऐकावीत असे आम्हाला वाटते.

करून पाहा

बाल्कनीत दोन पसरट ट्रे घ्या. दोन्हींत सारखीच माती भरा. एका ट्रेमध्ये माती तशीच उघडी ठेवा. दुसऱ्यात मातीवर गवताचे तुकडे लावा आणि लहान दगडांच्या दोन आडव्या ओळी करा. दोन्ही ट्रे एका बाजूने सारखेच उचलून तिरपे ठेवा. आता झारीने दोन्हींवर सारखेच पाणी घाला. खाली येणारे पाणी दोन पेल्यांत धरा. कोणत्या पेल्यातले पाणी गढूळ आहे? कोणत्या पेल्यात पाणी उशिरा आले? आपल्या वहीत लिहा आणि पुढच्या शनिवारी वर्गात आणा.

कठीण शब्द

ताल – उतारावर माती-पाणी अडवण्यासाठी रचलेला दगडी बांध
मोट – बैलांच्या मदतीने विहिरीतून पाणी काढण्याचे मोठे चामडी पात्र
पाट – शेतातला पाण्याचा लहान कालवा
हौद – पाणी साठवण्याची बांधलेली टाकी
गायरान – गावाच्या गुरांसाठी राखलेली सामाईक जमीन
गाळ – पाण्याच्या तळाशी बसलेली मऊ माती
पाणाड्या – जमिनीखाली पाणी कुठे आहे ते सांगणारा
पाझर तलाव – पाणी जमिनीत मुरावे म्हणून बांधलेला तलाव
असूड – चाबूक

प्रश्न

१. फुले हे आडनाव कसे पडले?
२. १८६८ साली जोतीरावांनी काय केले? ते त्या काळी एवढे अवघड का होते?
३. गुरे कमी झाली की शेत का बिघडते? तीन वाक्यांत लिहा.
४. पाणी पंचायतीत पाणी जमिनीप्रमाणे न वाटता माणसांप्रमाणे का वाटले असेल? घरी चर्चा करा आणि आपले मत लिहा.
५. आपल्या घरापासून सर्वांत जवळचा ओढा कोणता? तो उघडा वाहतो की जमिनीखालून? त्याचे चित्र काढा.

चांगली चित्रे पुढच्या अंकात छापू. चित्र काळ्या पेनने काढा, म्हणजे झेरॉक्स स्पष्ट येईल!